पावसाच्या पाण्याची वाट

आढ्याचे पाणी वळचणीला जाते, अशी मराठीत म्हण आहे. पाणी नेहमी उंचावरून सखल भागाकडे धावते. त्याला कुंपण ठाऊक नसते आणि शेजारधर्मही ठाऊक नसतो. म्हणून घर बांधताना त्याची वाट माणसालाच आखून द्यावी लागते.

शंभर चौरस मीटरच्या छपरावर केवळ १० मिलिमीटर पाऊस पडला, तरी १,००० लिटर पाणी जमते. हे पाणी भिंतीपाशीच मुरू दिले, तर भिंतींना ओल येते आणि पाया खचण्याचे भय उत्पन्न होते. यासाठी जोते भोवतालच्या जमिनीहून उंच बांधतात व अंगणाला घरापासून दूर उतार देतात. अमेरिकेतील अनेक गावांनी स्वीकारलेल्या बांधकामाच्या नियमांत हा उतार मोजून दिला आहे. पायापासून पहिल्या १० फुटांत जमीन निदान ६ इंच उतरती असावी, असा तो नियम आहे.

परंतु आपले अंगण कोरडे झाले, म्हणजे कर्तव्य संपले काय? समजा, उताराच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या एकाने भराव घालून आपली जागा उंच केली. आता वरून येणारे पाणी अडेल आणि वरच्या शेजाऱ्याच्या ओसरीत शिरेल. अशा प्रसंगांचा विचार भारतात १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात केलेला आहे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी स्वाभाविकपणे खाली वाहत असेल, तर खालच्या मालकाने ते वाहू द्यावे, असे तो कायदा सांगतो. मात्र छपराचे पाणी पन्हळीत गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे, ही काही पाण्याची स्वाभाविक वाट नव्हे!

जी गोष्ट दोन घरांची, तीच शहराची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहरातील जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. मिठी नदीचे पात्र भरावांनी व बांधकामांनी आक्रसले होते. त्यातच समुद्राला भरती आली. पाणी वस्त्यांत शिरले आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर ताशी ५० मिलिमीटर पाऊस गृहीत धरून गटारांची सुधारणा हाती घेण्यात आली.

मोठे नाले नगरपालिका बांधते. परंतु ओढ्यात भराव न टाकणे आणि गटारात कचरा न लोटणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. उतारावर प्रत्येकजण कोणाच्या तरी वर आणि कोणाच्या तरी खाली राहत असतो. म्हणून पाण्याची वाट मोकळी ठेवणे, हा शेजारधर्मच होय.