उच्छ्वास सांगतो दम्याची सूज

"डॉक्टर, आता धाप लागत नाही, छातीतली घरघरही थांबली. मग पंप बंद करू का?" दम्याच्या रुग्णांचा हा नेहमीचा प्रश्न. काहीजण तर विचारतही नाहीत. पंपाची सवय लागेल या भीतीने तो परस्पर बंद करतात आणि एखाद्या थंडीच्या रात्री धापा टाकत दवाखाना गाठतात. असे का होते, याचे उत्तर आपण बाहेर सोडतो त्या हवेत सापडते.

दमा म्हणजे केवळ श्वासनलिका आवळणे नव्हे. नलिकेच्या आतल्या अस्तराला सतत सूज असते आणि ती आणतात आपल्याच शरीराच्या संरक्षक पेशी. घरातील धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण यांना शत्रू समजून टी-पेशींचा एक गट रासायनिक निरोप धाडतो. इंटरल्यूकिन-५ या निरोपाने इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. इंटरल्यूकिन-१३ हा निरोप थेट अस्तराला पोचतो. त्यामुळे अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त प्रमाणात तयार करू लागतात आणि तो उच्छ्वासातून बाहेर पडतो. (भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड निराळा.)

माणसाच्या उच्छ्वासात हा वायू असतो, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवले. दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो जास्त असतो, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. आता तो मोजण्याची यंत्रे आहेत. सुई नाही, रक्त नाही. नळीत सुमारे दहा सेकंद एकसारखी संथ फुंकर घालायची. प्रौढांत हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे २५ पेक्षा कमी भाग आढळले, तर अशा प्रकारची सूज असण्याची शक्यता कमी. ५० पेक्षा जास्त आढळले, तर शक्यता बरीच. मुलांसाठी हेच आकडे २० आणि ३५ असे धरतात.

मात्र केवळ आकड्यावर निदान होत नाही. धूम्रपानाने आकडा खाली येतो. पालक, बीट यांसारख्या भाज्या खाऊन लगेच तपासणी केली तर तो वाढतो. अ‍ॅलर्जीच्या सर्दीतही वाढू शकतो. काहींच्या दम्यात इओसिनोफिलऐवजी न्यूट्रोफिल या पेशी पुढे असतात. तिथे त्रास असूनही आकडा साधारणच राहतो. म्हणून रुग्णाची हकिगत आणि फुंकरीची नेहमीची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, यांना पर्याय नाही.

संरक्षक पेशी आणि हा वायू यांचे नाते नव्या इंजेक्शनांनी आणखी स्पष्ट केले. इंटरल्यूकिन-५ रोखणाऱ्या औषधाने इओसिनोफिल खूप घटतात, पण वायू फारसा घटत नाही. इंटरल्यूकिन-१३ चे काम अडवले, की तो उतरतो. अर्थात ही महागडी औषधे तीव्र दम्याच्या निवडक रुग्णांसाठीच आहेत.

बहुतेकांना स्टेरॉइडचा साधा पंपच पुरतो. तो नियमित घेतला की सूज ओसरते आणि उच्छ्वासातील वायूही कमी होतो. पंप थांबवला, तर काही दिवसांतच आकडा पुन्हा चढू लागतो. रुग्णाला मात्र तेव्हा काहीच जाणवत नसते. घरघर थांबली म्हणजे सूज गेली असे नव्हे, ते यामुळेच.

ही तपासणी सगळीकडे होत नाही आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते. पण तिने शिकवलेला धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे. स्टेरॉइडच्या पंपाचे व्यसन लागत नाही. तो घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही. तात्काळ आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. बरे वाटत असेल, तर पंपाची मात्रा कमी करता येते. परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, आपल्या मनाने नव्हे.