अफू, कापूस आणि बत्तीस वर्षं

इंदूरच्या छत्रीबागेत आलेला पाहुणा होळकरांच्या छत्र्यांवरची नक्षी पाहून परततो. ते राज्य कशावर चालत होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई आणि वाटेत प्रत्येक दरबार तिच्यावर कर घेई. शेतकऱ्याने सावकाराकडून उचल घेतलेली असे, म्हणजे पीक शेतात उभं असतानाच विकलं गेलेलं. १९०७ साली ब्रिटन आणि चीन यांच्यात करार झाला आणि काही वर्षांतच हा व्यापार आटला.

अफूच्या सट्ट्यात कमावलेल्यांनी पैसा कापडगिरण्यांकडे वळवला. सर सेठ हुकूमचंद हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. वाट आधीच तयार होती. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली खंडव्याच्या रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं. संस्थानाने साम्राज्याला कर्ज द्यावं, ही गंमत इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत संपते.

इंदूरची हुकूमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. ते वर्ष उदारीकरणाचं, म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकणं सोपं आहे. खरं तर जुनी यंत्रं आणि यंत्रमागांची स्पर्धा यांनी गिरण्या आधीच पोखरल्या होत्या. थकलेली देणी मात्र कोर्टकचेरीत अडकली. २२४ कोटींची रक्कम २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाली, ती सुमारे ४,८०० कामगारांसाठी. तोवर अनेक जण वारले होते, त्यांच्या वाट्याच्या पैशासाठी बायकामुलांनी अर्ज केले. बाजारभाव एका दिवसात पडतो. मजुराची देणी फिटायला बत्तीस वर्षं लागली.

गिरण्यांचे भोंगे थांबले तरी इंदुरातून वाहणारी कान्ह नदी काही निवळली नाही. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण घेऊन ती पुढे क्षिप्रेला मिळते. २०१६च्या सिंहस्थाआधी तिचं पाणी पाइपातून उज्जैनला वळसा घालून न्यावं लागलं.

त्याच १९९१ मध्ये निमाडात, खरगोनकडे, एका स्विस सूतव्यापाऱ्याने सेंद्रिय कापसाचा प्रयोग सुरू केला. तिथल्या कापसाचे कपडे स्वित्झर्लंडच्या दुकानांत पोहोचले. अफूच्या काळापेक्षा हा सौदा नक्कीच माणुसकीचा. पण २००२ साली जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शेजारच्या शेतातली भेसळ हा नवा घोर लागला. आपला कापूस शुद्ध असल्याचा पुरावा द्यायचा तो शेतकऱ्यानेच. नमुना नापास झाला, तर सेंद्रिय मालाचा जादा भावही त्याचाच बुडतो.