वासरांच्या वाटचं दूध

ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’वरच्या उत्तरांचा गठ्ठा आला की पहिलं पान मी न वाचताच सांगू शकते. नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, शेतमालक जोन्स म्हणजे झार, १९१७ची राज्यक्रांती. शाळेपासून लागलेल्या सवयीनं तळाशी तात्पर्यही असतं: सत्ता माणसाला भ्रष्ट करते. (माणसाला! आख्खी कथा डुकरांची असूनही.) गाइडमध्ये हे सगळं तक्त्यातच मिळतं, हल्ली मोबाइल त्याहून सफाईदार इंग्रजीत लिहून देतो. त्यात चूक काही नसते, फक्त पुस्तक उघडल्याची खूण कुठं सापडत नाही.

म्हणून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अंतर्गत गुणांसाठी मी वेगळा प्रश्न घालते. कादंबरीतला एकच प्रसंग घ्या, आणि तिथं तुम्ही का अडखळलात ते लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. या शेवटच्या वाक्यावर विभागात दरवर्षी कुरकुर होते, ती मी ऐकून घेते.

पहिलं वाचन मी लाल पेन न घेता करते. उतरवलेलं वाक्य कसं असतं ते आता डोळ्यांना कळतं: अक्षर एकसारखं, स्वल्पविराम जागच्या जागी, खाडाखोड नाही. स्वतःचं वाक्य मध्येच इंग्रजीतून मराठीत शिरतं, खोडलेल्या शब्दावर दुसरा शब्द बसतो, कधी समासात बाण काढून राहिलेली गोष्ट घुसवलेली असते. अशा पानावर मी अर्धी घडी घालते आणि ती पानं वेगळी ठेवते.

निम्म्याहून जास्त मुलं बॉक्सरची गाडी निवडतात. राबून खंगलेल्या घोड्याला दवाखान्यात नेतोय असं सांगून डुकरं त्याला खाटकाच्या गाडीत घालतात, आणि गाडीवरची पाटी वाचतं कोण, तर आयुष्यभर वाचता येत असूनही गप्प बसलेलं गाढव. रडू येतं, पटकन लिहिताही येतं. मॉली घोडीच्या रिबिनींची बाजू मुली हिरिरीनं घेतात; कष्ट करूनही नटायचंच नाही का, असा त्यांचा सवाल असतो. उंदीर आपले की परके यावर मतदान होतं तेव्हा दोन्हीकडून मत देणाऱ्या मांजरावर एकानं दोन पानं लिहिली. त्याच्या गावात नुकतीच ग्रामपंचायतीची निवडणूक झाली होती, त्यामुळं उदाहरणांची वाण नव्हती. आणखी एकानं डुकरांचीच वकिली केली: हुशार तीच होती, मग कारभार त्यांनी नाही बघायचा तर कुणी? चूक हुशारीची नाही, स्वार्थाची. सहकारी प्राध्यापकांना हे उत्तर भरकटलेलं वाटलं. मला नाही वाटलं. १९४४ साली फेबर प्रकाशनाकडून टी. एस. एलियटनं हे हस्तलिखित परत पाठवलं तेव्हा त्याचाही मुद्दा जवळपास हाच होता. डुकरं सर्वांत बुद्धिमान, तेव्हा शेत चालवायला तीच लायक. गरज होती ती लोकहिताची चाड असलेल्या डुकरांची.

पण मला सांगायचंय ते एका मुलीच्या कागदाबद्दल. तिच्या घरी गाई आहेत. पहाटेची धार काढून, दूध संकलन केंद्रावर घालून, मग ती एसटीनं कॉलेजला येते. तिनं निवडला होता दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटचा दुधाचा प्रसंग, जो बहुतेकजण एका ओळीत उरकतात. जोन्सला हाकलून दिलंय, गाई चोवीस तास पिळलेल्या नाहीत, कास फुटायला आलीय. डुकरं बादल्या मागवून धार काढतात. पाच बादल्या फेसाळ दूध. याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारतं. नेपोलियन बादल्यांपुढं उभा राहतो आणि सगळ्यांना गवत कापायला पिटाळतो. संध्याकाळी परत येऊन बघतात तर दूध नाही.

तिची पहिली हरकत तांत्रिक होती: डुकराच्या खुरांनी सड धरता येणार नाही. ऑर्वेल म्हणतो जमलं, तर जमू दे, असं लिहून ती पुढं गेली. पुढचं मात्र मी दोनदा वाचलं. गाय दूध देते म्हणजे ती व्यालेली आहे. मग वासरं कुठं आहेत? म्हाताऱ्या मेजर डुकरानं पहिल्याच भाषणात गाईंना विचारलं होतं की वासरांना धष्टपुष्ट करायचं ते दूध गेलं कुठं. क्रांती झाली, पहिली धार निघाली, आणि वासरांचं नाव कुणीच काढलं नाही. कोंबडीला आठवलं ते जोन्स कधीमधी आपल्या आंबोणात दूध मिसळायचा, एवढंच. गाईसुद्धा गप्प. आणि कोठाराचं दार शिंगानं फोडून बंड सुरू केलं होतं ते एका गाईनंच! समासातल्या बाणापुढं बारीक अक्षरात होतं: ‘पिल्लांचं पुढं बघा. कुत्र्यांची नऊ पिल्लं अंगावरून तुटताच नेपोलियननं माळ्यावर नेली.’

सबंध कागदात स्टालिन नव्हता. आमच्या गुणदान-आराखड्यात ऐतिहासिक संदर्भाला वेगळे गुण आहेत, ते तिला कुठून द्यायचे यावर विभागात बरीच चर्चा झाली. मी दिले. खुद्द ऑर्वेलनं १९४६ साली ड्वाइट मॅकडोनल्डला पत्रात कळवलं होतं की डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवतात तिथंच कथा वळण घेते. इतर जनावरांनी तेव्हाच पाय रोवून विरोध केला असता तर सगळं ठीक झालं असतं. या मुलीनं ते पत्र वाचलेलं नव्हतं. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या घरात ती वाढली आहे, आणि हिशेब कुठं तुटला ते तिला दिसलं. तक्ता पाठ करून आलेल्यांना दिसलं नाही, कारण तक्त्यात गाईंना रकानाच नसतो.

कागद परत देताना मी तिला ऑर्वेलच्या वॉलिंग्टनच्या घराबद्दल सांगितलं. १९३६पासून हर्टफर्डशरमधल्या त्या खेड्यात त्यानं कोंबड्या आणि शेळ्या पाळल्या होत्या. एका शेळीचं नाव म्युरिएल, कादंबरीतल्या वाचता येणाऱ्या शेळीचंच. धार तो स्वतः काढायचा. रोजनिशीत आज किती अंडी मिळाली, किती विकली, काय भावानं, अशा नोंदी आहेत.

‘म्हणजे ते चारशे अंड्यांचं त्यानं उगीच टाकलेलं नाही, मॅडम,’ ती म्हणाली. सातव्या प्रकरणात नेपोलियन आठवड्याला चारशे अंडी विकायचा करार करतो, कोंबड्या बंड करतात, त्यांचा दाणा तोडला जातो आणि नऊ मरतात. तिनं तिथंच कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला मांडायला घेतलं: दिवसाला सत्तावन्न अंडी, थंडीत कोंबडी रोज घालत नाही, दिवसाआड धरली तर शंभराच्या वर कोंबड्या लागतील, शिवाय उबवायला एकही उरणार नाही.