ब्लाउजचे हुक लागतात का?

डे-केअर वॉर्डात मावशीच्या खुर्चीशेजारी बसायला लागले आणि कळलं, किमोच्या दिवसाचं निम्मं काम औषध सुरू होण्याआधीच होतं. तिला अंडाशयाचा कर्करोग. त्यात बहुतेकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन ही जोडी देतात, दर 21 दिवसांनी, साधारण सहा वेळा. आधी रक्ताचा रिपोर्ट बघतात. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार कमी निघाल्या, तर त्या दिवशी घरी परत. पॅक्लिटॅक्सेलचा डोस उंची-वजनावरून ठरतो, कार्बोप्लाटिनचा मात्र मूत्रपिंडं किती काम करतात त्यावरून. म्हणून क्रिएटिनिनचा आकडा लागतोच.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात नीट विरघळत नाही. ते ज्या द्रावकात मिसळतात तो एरंडेल तेलापासून बनवलेला असतो, आणि बहुतेक वेळा तोच अंगावर उलटतो. म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन. नेहमीच्या सलाइनची नळीही चालत नाही. हा द्रावक तिच्या प्लॅस्टिकमधली रसायनं ओढून घेतो. वेगळी नळी, मध्ये बारीक फिल्टर.

पहिल्या सायकलला सिस्टरनं थेंब अगदी हळू सोडले आणि ती तिथंच उभी राहिली. "काकू, छातीत दडपतंय? पाठीत कळ येतेय?" नजर चेहऱ्यावर, लाली चढतेय का बघत. रिअ‍ॅक्शन आलीच तर बहुधा पहिल्या-दुसऱ्या सायकलला, पहिल्या काही मिनिटांतच येते. कार्बोप्लाटिनचं उलटं: त्याची ॲलर्जी बरेच डोस झाल्यावर उद्भवते. सवयीचं झालं म्हणून तिथं गाफील राहता येत नाही. पुढचे तीनेक तास पॅक्लिटॅक्सेल, मग कार्बोप्लाटिन; त्यात सांगण्यासारखं फारसं घडत नाही.

केस जाण्याबद्दल सगळेच बोलतात. बोटांच्या मुंग्यांबद्दल मावशी मात्र गप्प होती. औषध बंद करतील, मग आजार वाढेल, ही धास्ती. एकदा सिस्टरनं सहज विचारलं, "काकू, ब्लाउजचे हुक लागतात का?" मावशीनं मान खाली घातली. सून लावून देते, म्हणाली. डॉक्टरांनी उपचार थांबवले नाहीत, पॅक्लिटॅक्सेलचा डोस तेवढा कमी केला. हे आधीच कळायला हवं होतं, कारण नसांची ही इजा वाढत गेली तर कायमचीही राहू शकते. माझ्या मते त्या प्रश्नाचं मोल कुठल्याही रिपोर्टइतकंच आहे.

घरात कुणाची किमो चालू असेल, तर हा प्रश्न तुम्हीच विचारा आणि उत्तर पुढच्या सायकलच्या आधी डॉक्टरांना सांगा. आणि ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असो की पहाट, लगेच हॉस्पिटल गाठा.