ट्रक सुस्कारा का सोडतो?

चहाच्या टपरीसमोर एखादा मालट्रक इंजिन चालू ठेवून उभा असतो. चालक खाली उतरलेला असतो. ब्रेकच्या पेडलवर कोणाचाही पाय नसतो. तरीही अचानक गाडीच्या पोटाखालून 'फुस्स' असा जोरदार आवाज येतो आणि पाठोपाठ काही सेकंद बारीक सूं सूं चालू राहते. वाकून पाहिले तर तेथे रस्त्यावर ओला डाग पडलेला दिसतो. त्यावर बहुधा तेलाचा थोडा तवंगही असतो.

ब्रेक लावून सोडल्यावर होणारा आवाज हा नव्हे. तो तुमच्या ओळखीचा आहे. कोणी काही न करता, आपोआप येणारा हा दुसरा सुस्कारा गाडीतील एका छोट्या उपकरणाचा असतो. एखाद्या मोठ्या डब्याएवढ्या या उपकरणाला गॅरेजमध्ये 'एअर ड्रायर' म्हणतात. आपण त्याला हवाशोषक न म्हणता हवा सुकवणारे यंत्र म्हणू, कारण ते हवा शोषत नाही, हवेतले पाणी काढून घेते. पण ब्रेकसाठी लागणारी हवा सुकवायची कशाला?

सायकलचा ब्रेक आपण हाताच्या जोराने लावतो. मोटारगाडीत पायाचा जोर तेलामार्फत चाकांपर्यंत जातो. पंचवीस-तीस टनांची गाडी अडवायला मात्र पायाचा जोर पुरा पडत नाही. तेथे दाबलेली हवा कामाला लावतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन तंत्रज्ञाने १८६९ मध्ये आगगाडीसाठी अशा ब्रेकचे पेटंट घेतले आणि पुढे ही युक्ती रस्त्यावरच्या अवजड गाड्यांतही आली. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो आणि लोखंडी टाक्यांत भरतो. टाकीतील हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण नऊपट असतो. चालक पेडल दाबतो तेव्हा तो फक्त एक झडप उघडतो. टाकीतील हवा चाकाजवळच्या डबीत शिरते, तेथील रबरी पडदा ढकलते, पडद्याला जोडलेला दांडा पुढे सरकतो आणि ब्रेकचे पट्टे चाकाच्या ड्रमवर घट्ट दाबले जातात. पाय काढला की डबीतील हवा बाहेर सोडून दिली जाते.

या शेवटच्या वाक्यातच सगळी अडचण आहे. तेलाच्या ब्रेकमध्ये तेच तेल महिनोन् महिने राहते. हवेच्या ब्रेकमध्ये एकदा वापरलेली हवा टाकून द्यायची आणि नवी आत घ्यायची. हवा फुकट मिळते हे खरे, पण तिच्याबरोबर येणारे पाणीही फुकटच मिळते!

किती पाणी? हिशोब करून पाहू. एक घनमीटर जागेत ३० अंश सेल्सिअस तपमानाला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही मर्यादा जागेची आणि तपमानाची आहे, त्या जागेत हवा किती कोंबली आहे याच्याशी तिचा जवळजवळ संबंध नाही. जागा निर्वात असो की हवेने ठासून भरलेली असो, वाफ मावणार ती ३० ग्रॅमच. वायूंच्या मिश्रणात प्रत्येक वायू जणू एकटाच असल्यासारखा वागतो, हे जॉन डाल्टनने १८०१ च्या सुमारास दाखवून दिले होते. हा त्याचाच परिणाम.

आता पावसाळ्यातील कोकणाची हवा घ्या. तपमान ३० अंश, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. म्हणजे दर घनमीटरला २४ ग्रॅम वाफ. अशी नऊ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवली. वाफ झाली नऊ गुणिले चोवीस, म्हणजे २१६ ग्रॅम. जागा एकच घनमीटर, तीत मावणार ३० ग्रॅम. उरलेल्या १८६ ग्रॅमचे पाणी व्हायलाच हवे. गाडीच्या कॉम्प्रेसरने दिवसभरात १८ घनमीटर हवा आत घेतली असे धरले, तर पावणेचारशे ग्रॅम, म्हणजे चांगले दोन पेले पाणी झाले. ओला पंचा पिळावा तशी ही हवा पिळली जाते.

हे पाणी कॉम्प्रेसरमध्येच का दिसत नाही, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो हे तुम्ही अनुभवले असेल. ट्रकच्या कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा तर दीडशे अंशांच्याही वर जाऊ शकते. इतक्या गरम हवेत वाफ खुशाल राहते. पुढे नळीत आणि टाकीत हवा निवू लागली की पाण्याचे थेंब जमतात. सोबत कॉम्प्रेसरमधील वंगणाचे सूक्ष्म कणही येतात आणि दोहोंचा मिळून टाकीच्या तळाशी ताकासारखा बुळबुळीत राडा तयार होतो.

लोखंडी टाकी आतून गंजते. गंजाचे कण झडपांत अडकतात. झडपांतले ग्रीस धुऊन जाते, रबर खराब होते. हे सारे सावकाश होणारे नुकसान. थंडीतले संकट मात्र एका रात्रीत येते. न्हावा-शेवा बंदरात माल भरून एखादा ट्रक हिवाळ्यात मनालीकडे निघाला असे समजा. कोकणात टाकीच्या तळाशी साचलेले पाणी कोणी काढले नाही, तर ते गाडीबरोबरच प्रवास करते. घाटरस्त्यांच्या हिसक्यांनी त्यातले काही नळ्यांत आणि झडपांत जाते. पुढे पारा शून्याखाली उतरला की त्याचा बर्फ होतो. झडपेतील वाट काही ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. ती बुजायला चमचाभर बर्फही लागत नाही. वाट बुजली की एक तर ब्रेक लागत नाही किंवा लागलेला सुटत नाही. उतारावर यांतले पहिले घडले तर काय होईल, ते सांगायला नको.

पूर्वी यावर उपाय म्हणजे टाकीच्या तळाची तोटी. रोज ती उघडून पाणी काढून टाकायचे. हे काम बहुधा क्लीनरकडे असे आणि ते अनेकदा राहून जाई. थंड देशांत हवेत थोडे अल्कोहोल मिसळण्याचीही पद्धत होती, म्हणजे पाणी शून्य अंशाला गोठत नसे. पण तोटी कितीही इमानाने उघडली तरी तिच्यातून जाते ते फक्त जमलेले पाणी. टाकीतील हवा संपृक्तच राहते. ३० अंशांना दर घनमीटरला ३० ग्रॅम वाफ धरून बसलेली ही हवा शून्य अंशापर्यंत निवली, तर तिच्यात जेमतेम ५ ग्रॅम राहू शकते. बाकीचे पाणी पुन्हा नळीत हजर! म्हणून टाकीत शिरण्यापूर्वीच हवा कोरडी करायला हवी.

कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा लांब नळीतून थोडी निवते आणि ड्रायरच्या डब्यात शिरते. तेथे ती भिंतीवर आपटते, वळते, तिचा वेग मंदावतो. पाण्याचे आणि तेलाचे मोठे थेंब खाली तळात पडतात. उरते ती वाफ. तिला पकडण्यासाठी डब्यात किलोभर वजनाचे, मोहरीपासून ज्वारीएवढे दाणे भरलेले असतात. हे दाणे बहुधा झिओलाइट नावाच्या पदार्थाचे असतात.

झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये दिले. तापवल्यावर हा दगड फसफसतो, म्हणून ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड'. महाराष्ट्रातील वाचकांना त्याचे अप्रूप वाटू नये. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे देखणे झिओलाइट सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील त्यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. ड्रायरमधील झिओलाइट मात्र कारखान्यात बनवलेला असतो. अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ नंतरच्या काही वर्षांत असे कृत्रिम झिओलाइट तयार केले. त्यांतील छिद्रे अगदी ठरावीक मापाची असतात. पाण्याचा रेणू त्यांतून सहज आत जातो आणि आतल्या विद्युतभारित कणांना चिकटून बसतो. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांना तशी घट्ट पकड मिळत नाही. म्हणून याला रेणूंची चाळणी म्हणतात. एका ग्रॅम दाण्यांच्या आतील छिद्रांचे एकूण पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरते. कबड्डीची दोन-तीन मैदाने त्यात सहज बसतील. स्पंज पाणी पितो तसे हे नव्हे. येथे पाणी पृष्ठभागाला चिकटते, म्हणून या क्रियेला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात.

पण दाणे आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकेच पाणी धरू शकतात. किलोभर दाण्यांत दोनशे ग्रॅम. आपल्या कोकणातल्या ट्रकला हे किती दिवस पुरणार? दाणे पुन्हा कोरडे करायचे तर एरवी ते अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागतात. चालत्या ट्रकमध्ये ही भट्टी कोठे पेटवणार? माझ्या मते या यंत्रातील खरी बुद्धिमत्ता येथे आहे.

चार्ल्स स्कार्स्ट्रॉम या अमेरिकन संशोधकाला १९६० मध्ये 'उष्णतेविना' हवा सुकवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्याची युक्ती वरच्याच हिशोबात दडलेली आहे, फक्त तो हिशोब उलटा वाचायचा. हवा दाबली की तिच्यातले पाणी पिळून निघते. मग दाबलेली हवा पुन्हा मोकळी सोडली तर? नऊपट दाबाखालची, वाफेने संपृक्त असलेली हवासुद्धा त्याच तपमानाला बाहेरच्या दाबापर्यंत पसरली, तर तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येते. ती तहानलेली होते. ड्रायरमधून गेलेली हवा तर आधीच कोरडी. ती मोकळी केली की तिची तहान विचारूच नका!

म्हणून ड्रायरमधून मोठ्या टाकीकडे जाणाऱ्या कोरड्या हवेतील थोडी हवा पाच-सात लिटरच्या एका छोट्या टाकीत बाजूला ठेवतात. मोठी टाकी पुरी भरली की गव्हर्नर नावाची झडप कॉम्प्रेसरला विश्रांती देते आणि त्याच क्षणी ड्रायरच्या तळाची झडप उघडते. डब्यातील दाब एकदम बाहेर पडतो आणि तळात साचलेले पाणी व तेल उडवून देतो. हा 'फुस्स'. मग छोट्या टाकीतील कोरडी हवा एका बारीक छिद्रातून हळूहळू उलट दिशेने येते, पसरते, दाण्यांवरून वाहताना त्यांचे पाणी उचलते आणि बाहेर जाते. हे पाठोपाठचे सूं सूं. मोठ्या टाकीतील हवा उलटी येत नाही, कारण मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते.

यासाठी किती हवा खर्ची घालावी लागते? नऊ घनमीटर हवा दाबल्यावर तिच्यात वाफ उरली होती ३० ग्रॅम. मोकळ्या दाबाला ३० ग्रॅम वाफ वाहून न्यायला ३० अंशांच्या एक घनमीटर हवेची गरज. म्हणजे नवांश. प्रत्यक्षात ड्रायरमध्ये येणारी हवा बरीच ऊन असते आणि दाणेही उबदार असतात, त्यामुळे आकडे बदलतात. तत्त्व तेच राहते. शिवाय पाणी दाण्यांना चिकटताना थोडी उष्णता बाहेर पडते. सुकवणे आणि मोकळे करणे हे चक्र झटपट चालले, तर ती उष्णता दाण्यांतच राहते आणि पाणी सुटायला मदत करते. भट्टी नको ती याच कारणाने.

या रचनेतील एक नाजूक जागा मात्र विसरता येत नाही. दाणे कोरडे होतात ते कॉम्प्रेसर विश्रांती घेतो तेव्हाच. नळीला कोठे गळती असली, किंवा थांब्यामागून थांबा घेणाऱ्या बसमध्ये ब्रेक आणि हवेवर चालणारे दरवाजे मिळून हवा सतत खर्च होत राहिली, तर टाकी लवकर भरत नाही, विश्रांती मिळत नाही आणि दाणे भिजून निकामी होतात. अशा गाड्यांसाठी दोन डब्यांचे ड्रायर असतात. एक हवा सुकवतो तेव्हा दुसरा स्वतः सुकतो. तेलाचा थर बसूनही दाण्यांची छिद्रे बुजतात, म्हणून डबा ठरावीक मुदतीने बदलावा लागतो. ती वेळ आली की नाही हे कळायला टाकीची जुनी तोटी अजून उपयोगी पडते. ती उघडल्यावर पाणी आले, तर ड्रायरने काम सोडले असे समजावे.

आणि फार थंड प्रदेशात? पाणी गोळा होते ते ड्रायरच्या तळाशी, सुटते ते तळाच्या झडपेतून. तेव्हा सर्वांत आधी गोठण्याची भीती त्या झडपेलाच. म्हणून तेथील ड्रायरच्या बुडाशी विजेचा एक छोटा तापक बसवलेला असतो आणि तपमान गोठणबिंदूकडे उतरू लागले की तो आपोआप चालू होतो.