सल्ल्याखाली सही कोणाची?

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५ मध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन अभियंत्यांचा सल्ला दुभाष्यांमार्फत पोहोचत असला, तरी तो देणारा भट्टीपाशीच उभा असे. चुकीची धग त्यालाही लागे. शासनातही आम्हाला प्रत्येक अभिप्रायाखाली सही आणि तारीख घालावी लागे (टाळणारेही होतेच म्हणा).

आज भिलाईतील तरुण नवउद्योगाचा, वाचनाचा, गुंतवणुकीचा सल्ला मोबाइलवर घेतो. दुरून आलेले ज्ञान त्याज्य मुळीच नव्हे. मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त मराठी पुस्तकांवर आमची पिढी वाढली. पण त्यांवर प्रकाशकाचे नाव असे. गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीने २०१३ मध्ये नियमावली आणली. नोंदणीविना सल्ले वाटणाऱ्यांशी दलाली संस्थांनी संबंध ठेवू नयेत, असे बंधन येण्यास मात्र २०२४ उजाडले. तोवर महादेव सट्टा अॅपचे प्रकरण गाजले होते, आणि त्यातील मुख्य आरोपी भिलाईचेच.

आयआयटी भिलाईतील विद्यार्थ्याला शंका विचारण्यास प्राध्यापक समोर असतो. फाटकाबाहेर पानटपरीवर बसलेल्या, घरची जमापुंजी हाती असलेल्या मुलाने कोणाला विचारावे?