आधी प्रश्न, मग विषय
अमेरिकेतली पदवी समजून घेताना : लेखांक ७

चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि त्यांतले दहा-बारा कोर्स 'मेजर'चे, म्हणजे मुख्य विषयाचे असतात, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आज पाहू, मुख्य विषय एका विभागात मावतच नसेल तर काय करायचं.

अमेरिकन स्टडीज हे अशा मेजरचं जुनं उदाहरण. १९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये इतिहास आणि साहित्य एकत्र शिकवण्यातून या शाखेला आकार आला. १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांना तिथली या विषयातली पहिली डॉक्टरेट मिळाली. पुढे समाजशास्त्र, चित्रकला, संगीत, कायदा असं बरंच काही त्यात आलं.

इथे निवडीला भरपूर वाव असतो आणि विद्यार्थी फसतात तेही इथेच. जॅझवर एक कोर्स, हॉलिवूडवर एक, राज्यघटनेवर एक. प्रत्येक कोर्स चांगला, पण चार वर्षांनी हाती फक्त यादी उरते. म्हणून आधी प्रश्न ठरवावा आणि कोर्स त्याच्या मागून निवडावेत.

समजा, 'ग्रेट मायग्रेशन' निवडलं. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेची आणि पश्चिमेची शहरं गाठली. प्रश्न असा : गाव सोडल्यावर त्यांना कोणतं स्वातंत्र्य मिळालं आणि कोणतं नाही? दक्षिणेतला वर्णभेद आणि कारखान्यांतली मागणी समजायला इतिहास आणि अर्थशास्त्र हवं. कृष्णवर्णीय वस्त्यांना गृहकर्ज का नाकारलं जाई, हे १९३०च्या दशकातल्या सरकारी नकाशांवरून कळतं. त्यासाठी नगररचनेचा कोर्स. मिसिसिपीचे मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला आले आणि त्यांचा ब्लूज विजेच्या गिटारवर वाजू लागला. तो ऐकायला संगीताचा. जेकब लॉरेन्स यांनी १९४१ मध्ये हे स्थलांतर ६० चित्रांत मांडलं, त्यासाठी कलेतिहासाचा. आता हे पाच विभाग एकाच प्रश्नाला बांधलेले आहेत.

वर्षांची आखणी अशी करता येईल. पहिल्या वर्षी अमेरिकन इतिहासाची तोंडओळख. दुसऱ्या वर्षी संशोधनपद्धतीचा कोर्स आणि सल्लागार प्राध्यापकांची निवड, कारण बहुतेक कॉलेजांत त्या वर्षाअखेर मेजर जाहीर करावं लागतं. तिसऱ्या वर्षी एखाद्याच विद्याशाखेतले दोन-तीन वरच्या पातळीचे कोर्स. खोली येते ती यातून. चौथ्या वर्षी प्रबंध. काही कोर्स दरवर्षी नसतात आणि काहींना आधीच्या कोर्सची अट असते, हे वेळापत्रकात आधीच तपासावं.

मराठी विद्यार्थ्याला या प्रश्नाचा आणखी एक धागा सापडेल. ह्यूई न्यूटन लुइझियानात जन्मले, बॉबी सील टेक्ससमध्ये. दोघांचीही कुटुंबं याच स्थलांतराच्या ओघात कॅलिफोर्नियात आली आणि १९६६ मध्ये ओकलंडला त्यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचं मूळ साहित्य मराठीत आहे. ते थेट वाचू शकणारा विद्यार्थी अमेरिकन वर्गात क्वचितच असतो. प्रबंधाचा विषय शोधताना ही जमेची बाजू विसरू नये.

पुढच्या आठवड्यात : सल्लागार प्राध्यापकांपुढे हा आराखडा एका पानात कसा मांडायचा?